कोळशाच्या वाघिणी

आगगाडीच्या इतिहासात सारा मान इंजिनाने खाल्ला आहे. पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्याला. त्या दिवशीच्या इंजिनांची नावे लोक अजून सांगतात. पुढे जुनी इंजिने निवृत्त झाली तेव्हा त्यांना हार घातले गेले, रंग दिला गेला आणि स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर नेऊन उभे करण्यात आले. परंतु त्या इंजिनामागे जे निमूटपणे ओढले गेले, त्या मालाच्या डब्यांना ना नाव, ना हार, ना चौथरा. त्यांतही कोळशाचा उघडा डबा म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा. तो गंजला की भंगारात गेला आणि भंगारातून भट्टीत. ज्याने सबंध देशाची आग वाहून नेली, त्याची राखदेखील कोणी जपली नाही.

मालाच्या डब्याला आपल्या मराठी माणसाने मात्र मोठे झोकदार नाव दिले आहे. इंग्रजी 'वॅगन' त्याच्या जिभेवर बसेना. त्याने तिची सरळ 'वाघीण' करून टाकली. आमच्या केळापूर तालुक्यात या शब्दाची थोडी पंचाईत होते. इथे टिपेश्वरचे जंगल आहे आणि त्यात चार पायांच्या खऱ्या वाघिणी आहेत. तेव्हा 'मी गेले वर्षभर वाघिणीच्या मागे आहे' असे म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो! म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. या लेखातली वाघीण चार चाकांची आहे, आणि ती मांस नव्हे, कोळसा खाते.

केळापूर आणि कोळसा यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तालुक्याचे नाव केळापूर, कचेरी मात्र पांढरकवड्याला. केळापुरात जगदंबेचे देवस्थान, भोवती कपाशीची शेते आणि सागाची राने. पण नकाशा जरा पसरून पाहिला तर मौज ध्यानात येते. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्याचे नाव १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' असे होते आणि केळापूर हा त्याचाच एक तालुका. पूर्वेला वर्धा नदी, तिच्या पलीकडे मध्यप्रांतातला चांदा जिल्हा. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे निजामाचे राज्य. तीन राजवटी या कोपऱ्यात एकमेकींना भेटत. पण जमिनीखाली काही राजवटी नव्हत्या. तिथे नदीच्या दोन्ही अंगांना एकच काळा थर पसरलेला होता. माणसाचा मागमूसही नव्हता अशा काळी, पंचवीस कोटी वर्षांहून अधिक पूर्वी, दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा तो कोळसा.

तो हवाहवासा वाटू लागला तो आगगाडीमुळेच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. मार्ग झाला, इंजिने झाली. पण त्यांच्या पोटात घालायचे काय? मुंबईच्या बंदरात विलायतेहून जहाजाने कोळसा येई आणि तोच शेकडो मैल आत वाहून न्यावा लागे. ज्या गाडीने माल वाहून पैसा मिळवायचा, तिनेच आपले खाद्य मुंबईहून वाहत आणायचे, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार. त्यामुळे वर्धा खोऱ्यात कोळसा आहे असे कळताच सरकारने शोध जारीने चालविला. भूगर्भ खात्याचे टी. डब्ल्यू. ह्यूज यांनी या कोळसाक्षेत्रावर लिहिलेला ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला. त्याच दशकात नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा फाटा टाकण्यात आला. त्याचे नावच होते 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. प्रवाशांसाठी गाडी काढावी आणि तिने जाता जाता कोळसाही न्यावा, असा प्रकार नव्हता. हा मार्ग कोळशाच्या नावाने जन्मला. माणसे पुढे त्याच्यावर बसली.

वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. पण तोवर कोळशाची गोडी लागली होती. पुढे बल्लारपूरची खाण आली, मार्ग दक्षिणेकडे सरकला, १९२९ साली तो काझीपेठेला जाऊन भिडला आणि दिल्ली-मद्रास हा सरळ रस्ता मोकळा झाला. आज ग्रँड ट्रंक मार्गाने झोपेत प्रवास करणाऱ्याला ठाऊकही नसते, की या वाटेचा एक तुकडा मुळात कोळशाच्या वाघिणींसाठी पडलेला आहे. नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, माजरीहून एक फाटा वणी-राजूरच्या खाणींकडे आला आणि तिथेच थांबला. केळापूर तालुका त्या फाट्याच्या टोकापलीकडे बैलगाडीच्या वाटेवर राहिला. पश्चिमेला यवतमाळपर्यंत कापसाची अरुंद 'शकुंतला', पूर्वेला वणीपर्यंत कोळशाची रुंद मालगाडी, आणि मधोमध आम्ही!

आता खुद्द वाघिणीकडे वळतो. जुनी चार चाकी उघडी वाघीण म्हणजे वर झाकण नसलेली एक लोखंडी पेटी. कडेला पत्र्याची दारे, खाली दोन आस, दोन्ही टोकांना धक्का सोसणारे बफर आणि मध्ये आकड्याला अडकवून पिळायची साखळी. एका वाघिणीत सुमारे २२ टन माल मावे. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात सारी कुंडली लिहिलेली असे. मालकी कोणत्या रेल्वेची, क्रमांक काय, रिकामे वजन किती, भार किती, पुढची मोठी दुरुस्ती केव्हा. वाचता येत असेल तर या चार ओळींत इतिहास सापडतो. पेनिन्शुला कंपनीचा कारभार सरकारने १९२५ साली हाती घेतला आणि १९५१ साली मध्य रेल्वे झाली. धनी बदलले, अक्षरे पुसून नवी अक्षरे लिहिली गेली, खालची पेटी तीच राहिली.

या पेटीतली एक गोष्ट मला फार आवडते. जुन्या वाघिणीच्या आसाची टोके ज्या डबीत फिरत, तिच्यात तेलात भिजवलेल्या सुताचे बोळे ठासून भरलेले असत. सूत तेल धरून ठेवी आणि फिरणाऱ्या आसाला सतत चाटवीत राही. बोळा सुकला की आस तापे, धूर निघे आणि गाडी थांबवून ती वाघीण कापून बाजूला काढावी लागे. म्हणजे कोळशाची सारी मिरास शेवटी मूठभर सुतावर चालली होती! कापूस पिकवणाऱ्या तालुक्यातल्या माणसाला हे वाचून थोडा अभिमान वाटला तर त्याला क्षमा असावी.

दुसरी गोष्ट तितकी गमतीची नाही. ही पेटी भरायची कशी? यंत्रे पुष्कळ उशिरा आली. त्याआधी कोळशाच्या ढिगापासून वाघिणीच्या काठापर्यंत फळी टाकलेली असे आणि डोक्यावर टोपली घेऊन माणसे त्या फळीवरून चढत. त्यांत बायका पुष्कळ असत. खाणीच्या पोटात स्त्रियांनी काम करण्यास १९३७ पासून मनाई झाली. महायुद्धाच्या ओढाताणीत १९४३ साली ती उठली आणि १९४६ साली पुन्हा लागू झाली. पण खाणीच्या तोंडाशी, उन्हात, टोपली घेऊन फळी चढण्याला कसलीच मनाई नव्हती. एका टोपलीत २० किलो कोळसा धरला तर २२ टनांसाठी ११०० टोपल्या होतात. ११०० वेळा फळी चढायची आणि ११०० वेळा उतरायची, तेव्हा एक वाघीण भरे. त्यातही वेळेचे बंधन. वाघिणी सायडिंगला लागल्या की ठरल्या तासांत भरून द्याव्या लागत, नाहीतर खाणवाल्याला दंड बसे. त्यामुळे वाघिणी रात्री लागल्या तर टोपल्याही रात्रीच निघत. शिवाय आमच्या खोऱ्यातला कोळसा मोठा तापट. ढीग करून फार दिवस ठेवला तर आपल्या आपण तापून पेट घेतो. तेव्हा तो उचलण्याची घाई दोन्हीकडून.

वणीकडे एक म्हातारी मला भेटली. तरुणपणी तिने या वाघिणी भरल्या होत्या. मी मास्तरच्या सवयीने तिला आकडा विचारला, "आजी, दिवसाला किती टोपल्या होत?" ती हसली. म्हणाली, "आमी मोजत नव्हतो बाप्पा. वाघीण भरली का घरी जायाचं, येवढंच मालूम." अकराशेचा हिशेब हा माझ्यासारख्याचा. तिचे माप वाघीण हेच होते.

याच वाक्याने मला उद्योगाला लावले. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण मुलांना सनावळी पाठ करून घेण्यापलीकडे कोळशाविषयी काय सांगू शकलो? खाणी १९७३ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, हे वाक्य मुले लिहीत आणि गुण मिळवीत. पण अकराशे टोपल्या म्हणजे किती, हे त्यांच्या हाताला कधी समजले नाही. मनात आले, एक वाघीण मापाबरहुकूम करावी, लहान पण खरी, आणि ती मुलांकडूनच भरून घ्यावी.

माप हा या छंदाचा प्राण आहे. आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांत जगभर सर्वाधिक चालणारे मान म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग. त्यासाठी रुळांतले अंतर असते १६.५ मिलिमीटर. पुण्याला कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांनी उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तिथे या मानाच्या गाड्या सिग्नल पाळीत धावताना पाहून लहानांइतकेच थोरही खुळावतात. परंतु आपल्या वाघिणीपुढे या मानात एक अडचण उभी राहते. १६.५ मिलिमीटरला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, आणि तो विलायतेचा रूळ झाला. आपल्याकडे डलहौसीच्या काळात साडेपाच फुटांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा, रुंद मार्ग ठरला. त्याचा ८७ वा भाग १९.३ मिलिमीटर येतो. म्हणजे भारतीय वाघीण विकतच्या रुळावर ठेवायची तर तिचे पाय जवळजवळ तीन मिलिमीटर जवळ ओढावे लागतात आणि रुंद छातीची बाई अरुंद पाटावर बसल्यासारखी ती दिसते. शंभरावा भाग केला तर गणित पुष्कळसे जुळते, कारण मग हवे असतात १६.८ आणि मिळतात १६.५. पण शंभराव्या भागाची वाघीण माझ्या डोळ्यांना आणि मुलांच्या बोटांना फार लहान. म्हणून मी ३२ वा भाग घेतला. विकतचा रूळ नकोच. आपला रूळ आपणच करायचा, ५२ मिलिमीटरांचा, दोन इंचांहून किंचित अधिक.

नमुन्याला जुनी वाघीण कुठून आणायची? तिथे एक साधी युक्ती कामाला येते. वाघिणीचा अगदी समोरून काढलेला फोटो घ्यावा. तिच्या चाकांतले अंतर ठाऊकच आहे, साडेपाच फूट. तेवढी एक पट्टी फोटोतच ठेवलेली असते असे समजा आणि तिने रुंदी, उंची, बफरांची जागा, सारे मोजून काढा. रुळांतले अंतर कोणत्याही कंपनीला लपवता येत नाही.

कारागीर मात्र घरचाच मिळाला. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. असे बैल करणारे आमच्या गल्लीतले सुतारबुवा मी गाठले. त्यांनी माझा आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, बैल कराले जीव लागते, याले नुसतं माप लागते. होऊन जाईन." खरोखरच झाले. तळाची चौकट इथल्याच सागाच्या तुकड्यांची, बाजू तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याच्या, चाके लेथवर काढलेली. जुन्या वाघिणी रिबीट ठोकून जोडलेल्या असत. वेल्डिंग मागाहून आले. म्हणून पत्रा मऊ लाकडावर पालथा ठेवायचा आणि बोथट खिळ्याने मागून एकेक टिंब उठवायचे, की पुढून रिबिटांची रांग दिसते. हे कंटाळवाणे काम करताना खऱ्या कारखान्यात लालभडक रिबीट धरणारे आणि ठोकणारे हात आपोआप आठवतात. आसाच्या डबीत मी सुताचा इवलासा बोळाही भरला. बाहेरून तो दिसत नाही. पण तो आत आहे, हे मला माहीत आहे.

मग आला भरण्याचा दिवस. इथे गणिताने एक चमत्कार दाखवला. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही बत्तिसाव्या भागाने कमी झाली, म्हणजे आकारमान ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, अर्थात ३२,७६८ पटींनी कमी झाले. त्या मानाने २२ टनांचा कोळसा उरतो सुमारे ६७० ग्रॅम. आणि २० किलोंची टोपली? ती उरते ०.६ ग्रॅम, म्हणजे एक चिमूट! मी कोळसा कुटून बारीक केला, ताटात ओतला आणि मुलांना सांगितले, "एकेका चिमटीनेच भरायची. मोजायची. मूठ मारायची नाही."

पहिल्या शंभर चिमटी हसतखेळत झाल्या. दोनशेला एकाने मान मोडली. तीनशेला आकडा चुकला म्हणून दोघांत भांडण झाले. चारशेच्या सुमारास कोणीतरी विचारले, "आजोबा, चमचा चालेल का?" साडेपाचशेला वाघीण कशीबशी अर्धी झाली आणि खोलीत शांतता पसरली. त्यांतली एक नात, जरा विचारी, काळी झालेली बोटे पाहत म्हणाली, "आणि त्या बायका रोज हे करायच्या? आणि टोपली खरी असायची?" मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांच्या तासिकांत जे मला जमले नव्हते, ते त्या वाघिणीने अर्धी भरूनच करून दाखवले होते. उरलेली भरायला आणखी दोन दिवस लागले. पण चमचा पुन्हा कोणी मागितला नाही.

खरी वाघीण पुढे वाढत गेली. १९६० च्या सुमारास आठ चाकांच्या मोठ्या 'बॉक्स' वाघिणी आल्या आणि १९८० च्या दशकात हवेच्या ब्रेकच्या 'बॉक्सएन'. ही बॉक्सएन पावणेअकरा मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद. भार सुमारे ५८ टन. तिच्या आसाला रोलर बेअरिंग असल्यामुळे सुताच्या बोळ्याची नोकरी गेली. अशा ५८ वाघिणींची एक गाडी सुमारे ३,४०० टन कोळसा नेते. आमच्या टोपलीच्या भाषेत तो हिशेब एक लाख सत्तर हजारांवर जातो. पण आता टोपल्या नाहीत, यंत्राचे फावडे आहे. वीजकेंद्रांसाठी तर पोटाखालची दारे उघडून आपोआप रिकाम्या होणाऱ्या वाघिणीही आल्या. हे सारे चांगलेच झाले. टोपली गेली याचे दुःख करणारा माणूस कधी फळीवर चढलेला नसतो. दुःख असेलच तर ते एवढेच, की टोपलीबरोबर तिची आठवणही भंगारात निघाली.

वणीला अडलेला लोहमार्गही अखेर पुढे सरकला. केळापूर तालुक्यात पिंपळखुटीला स्टेशन झाले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग पैनगंगा ओलांडून आदिलाबादेकडे जोडला गेला. तीन राजवटींच्या या कोपऱ्याला रूळ मिळायला, वरोऱ्याच्या फाट्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. तोवर वाफेची इंजिने गेली होती. यवतमाळच्या शकुंतलेचे वाफेचे इंजिनसुद्धा १९९४ साली थांबले. रूळ आला तेव्हा आगगाडीतली आग निघून गेलेली होती.

नवी दिल्लीला १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून अरुंद मार्गाचे संग्रहालय आहे. वाचकांनी मुलाबाळांना घेऊन ती जरूर पाहावीत. इंजिनापुढे फोटो काढून झाला की मात्र थोडे मागे जावे. एखादी मालाची वाघीण उभी असली तर तिच्या अंगावरची अक्षरे वाचावीत, रिबिटे बोटांनी चाचपावीत आणि आसाची डबी कुठे आहे ती मुलांना दाखवावी. आणि तुमच्या गावात, नात्यात, शेजारी कोणी खाणीवर, सायडिंगवर किंवा लोकोशेडात काम केलेले वयस्कर माणूस असेल, तर या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन त्याच्याकडे जा आणि दोन प्रश्न विचारा. पुस्तकात नसलेली उत्तरे अजून माणसांपाशी आहेत. फार दिवस राहणार नाहीत.

आमची छोटी वाघीण सध्या खिडकीत उभी आहे, काठोकाठ भरलेली. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात भार लिहिला तेव्हा मुलांनी आपसांत विचार करून 'टन' हा शब्द गाळला. तिथे आता असे लिहिले आहे : भार, ११०० टोपल्या.